पटकथेच्या सोयीसाठी मेलेली वहिनी

आपण मेलो आहोत हे वहिनींना थिएटरात कळलं.

मुलानं त्यांना आग्रहानं अगदी मधल्या रांगेत बसवलं होतं. उजवीकडे नवरा, डावीकडे दुकानातल्या सुताराची बायको, तिच्या पलीकडे सुतार. दिवे गेले, पडदा उजळला आणि त्यावर त्यांचंच दुकान उभं राहिलं. तीच झिजलेली पायरी, तेच काउंटर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्याच शवपेट्या. फक्त काउंटरच्या मागं, खऱ्या दुकानात जिथं कॅलेंडर असतं तिथं, काळ्या चौकटीत एका बाईचा फोटो लावला होता. दुकानाच्या मालकाचं काम करणारा नट आला, त्यानं बाहीनं फोटोवरची धूळ पुसली आणि म्हणाला, "तू गेलीस आणि धंदाच बसला बघ. तुझ्यानंतर या गल्लीत मरायला कुणी तयारच नाही."

अख्खं थिएटर हसलं. वहिनीही हसल्या. मग शेजारी वाकून म्हणाल्या, "हा फोटो कुणाचा गं?"

सुताराची बायको बिचारी चाचरली. "वहिनी, मला वाटतं... तुमचाच असावा."

वहिनी म्हणजे साऱ्या गल्लीच्या वहिनी. त्यांच्या यजमानांचं अंत्यविधीचं दुकान, म्हणून यजमानांना सगळे मालक म्हणत. त्या हिशेबानं वहिनींना मालकीणबाई म्हणायला हवं होतं, पण ते कधी कुणाच्या तोंडी बसलं नाही. लग्न ठरवताना सासरच्यांनी "आमचा लाकूडकामाचा धंदा" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. मांडव उतरल्यावर नवी नवरी कौतुकानं कारखाना बघायला गेली आणि तिथं ओळीनं मांडलेलं ते लाकूडकाम बघून जी मागं फिरली, ती थेट माहेरच्या वाटेला लागली. सासूबाईंनी तिला कोपऱ्यावर गाठलं. ओरडल्या नाहीत, समजूतही घातली नाही. म्हणाल्या, "माझे हात आता आखडतात. आत एक म्हातारी निजलीय. तिचे केस मला एकटीला विंचरता येत नाहीत. तेवढं कर आणि मग जा."

तेवढं करायला वहिनी आत गेल्या आणि राहिल्या.

दुकानाचे दोन भाग. पुढचं आणि मागचं. पुढं काउंटर, खुर्च्या, पेट्या, गाडीची व्यवस्था, येणाऱ्या माणसांना पाणी. मागं खोली. खोलीत एका बाजूला किंचित उतार असलेलं दगडी टेबल, त्याखाली पाणी वाहून जायला पन्हळ, नळाला जोडलेली लांब रबरी नळी, कापसाचे गठ्ठे, कंगवे, नखं कापायची लहान कात्री, दुधी काचेची खिडकी. सासूबाईंनी वहिनींना एक सवय लावली होती. काय करतो आहोत ते टेबलावरच्या माणसाला सांगत राहायचं. "आता हात उचलते हं. पाणी जरा गार लागेल." वहिनींनी ती सवय कधी सोडली नाही.

मालक मात्र मागच्या खोलीत आयुष्यात एकदाच गेले होते. मिसरूड फुटलं तेव्हा वडिलांनी धंदा शिकवायला म्हणून आत नेलं, तर मालक चक्कर येऊन टेबलावरच आडवे पडले आणि समोरचा दात तुटला. तेव्हापासून मालक पुढचं बघत. आणि फार छान बघत, हे वहिनीही नाकारत नसत. आवाज कापसासारखा. आलेल्या माणसाचा हात हातात घेऊन ते "काळजी करू नका, मी आहे" असं म्हणत, तेव्हा माणूस खरंच काळजी सोडायचा. आणि साहजिकच समजायचा की सगळं हेच करतात.

वहिनींना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला तिघं बसली की दिवसभराच्या गमती वहिनीच सांगायच्या, कारण मागच्या खोलीत जितकं हसू येतं तितकं पुढं येत नाही. एका म्हाताऱ्याला चष्मा घालूनच निरोप द्यायचा असं त्याच्या दोन मुलांनी ठरवलं, आणि मग कुठला चष्मा, यावरून दोघं भांडायला लागले. थोरला म्हणे, वाचायचा. धाकटा म्हणे, लांबचा. थोरला म्हणाला, "आता लांबचं काय बघायचंय त्यांना?" धाकटा म्हणाला, "मग वाचायचं तरी काय राहिलंय?" वहिनींनी दोन्ही चष्मे हातात घेऊन टेबलाकडे वळून विचारलं होतं, "तुम्हीच सांगा हो आजोबा, नाहीतर हे दोघं आजचा दिवस इथंच काढतील." ही गोष्ट त्यांनी ताटावर सांगितली तेव्हा मुलाला हसता हसता ठसका लागला होता.

हाच मुलगा पुढं सिनेमाच्या नादी लागला, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबला, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, माझा स्वतःचा सिनेमा मिळालाय. आपल्या दुकानावर आहे. पण विनोदी आहे. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "रडायला सगळेच येतात आपल्याकडे."

त्यांनी दुकान दिलं, मागची खोली दिली, स्वतःचा ॲप्रन दिला. चित्रीकरण चाललं तेवढे दिवस येतील ती कामं त्यांनी सुताराच्या शेडमध्ये, फळ्यांवर उरकली. मालकांचं काम करणारा नट मोठा गोड माणूस होता. तो तासन्‌तास वहिनींसमोर बसून विचारायचा, मानेखाली हात कसा घालता, बोलता कसं, हसू आलं तर काय करता. वहिनींना वाटलं, याला मेहनतीची आवड आहे. एकदा त्यांनी मुलाला विचारलंही, "माझं काम कुणाला दिलंयस रे? ती बाई कधी येत नाही इकडे?"

"बघशील ना," मुलगा म्हणाला. "आत्ताच सांगितलं तर मजा जाईल."

मजा ती ही होती.

पडद्यावर मालक मागच्या खोलीत शिरला. वहिनींचा ॲप्रन घालून. त्यानं टेबलावरच्या म्हाताऱ्याच्या मानेखाली हात घातला, अगदी वहिनींसारखा, आणि म्हणाला, "आता डोकं उचलतो हं आजोबा." मग दोन मुलं आली, चष्म्यावरून भांडली, आणि नटानं दोन्ही हातांत दोन चष्मे धरून म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्हीच सांगा हो." लोक खुर्च्यांवर मागं रेलून हसत होते. पुढच्या रांगेतला एकजण तर डोळे पुसत होता. वहिनींच्या शेजारी खरे मालकही मांडीवर थापा मारत हसत होते, जणू ही गोष्ट त्यांच्याच बाबतीत घडली होती.

तोवर वहिनी हसायच्या थांबल्या होत्या.

पहिला भाग चांगला होता, हे त्यांना नाकारता येईना आणि त्याचाच जास्त राग येत होता. मरणाऱ्यांच्या दारात घिरट्या घालणारे दुकानदार, एका पेटीवर दुसरी निम्म्या दरात, अजून श्वास घेणाऱ्या पेशंटच्या खाटेशी दोन बाजूंनी मापाची टेप लावून उभे राहिलेले दोन दुकानदार, आणि तो पेशंट डोळे उघडून म्हणतो, "खांद्यात जरा सैल ठेवा." सगळं झकास. सगळं ओळखीचं. यातलं निम्मं वहिनींनी ताटावर सांगितलेलं. पण मध्यंतरानंतर सिनेमाचा जीवच गेला. व्हायोलिनं सुरू झाली. मालकाला पश्चात्ताप झाला, कशाचा ते नीट कळलं नाही. तो फोटोसमोर बसून बोलायला लागला तो थांबेचना. "तू गेलीस आणि मी मेलेल्यांशी बोलायला शिकलो..." मागच्या रांगेत कुणीतरी घोरायला लागलं. सुताराच्या बायकोनं पर्समधून गोळी काढून चघळायला घेतली. आणि वहिनी मुठी आवळून बसल्या होत्या, कारण पडद्यावर एक माणूस त्यांच्या फोटोला त्यांचंच बोलणं ऐकवत होता.

बाहेर आल्यावर मुलाभोवती गर्दी. लोक त्याची पाठ थोपटत होते. वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या. तो आला, चेहरा फुललेला. "कसा वाटला, आई?"

"कशानं मेले रे मी?"

"काय?"

"आजारानं का अपघातानं? सांगितलं नाहीस कुठं. एवढा सिनेमाभर फोटो लावलास, निदान कारण तरी सांगायचंस."

मुलगा हसला, मग आईचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "अगं, ते पटकथेच्या सोयीसाठी. दोघं असली की फार माणसं होतात. आणि निर्माते म्हणाले, एकट्या पुरुषाबद्दल लोकांना माया वाटते. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस, ती तू नाहीच मुळी."

"मी नाहीच," वहिनी म्हणाल्या. "तेच तर म्हणतेय."

 घरी जाताना गाडीत मालक एकसारखे बोलत होते.

इथवर ठीक होतं. मुलगा तो मुलगा, त्याला चार शिव्या घालून पोटाशी घेतलं असतं. पण मालकांना सिनेमा चढला. पेपरात परीक्षण आलं, ते त्यांनी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं. पहिला भाग खुसखुशीत, दुसरा भाग रेंगाळलेला, वगैरे. आणि मग, "पत्नीची अनुपस्थिती चित्रपटभर जाणवत राहते, हेच दिग्दर्शकाचं यश." मालकांनी मान डोलवली. "काय लिहिलंय बघ."

"तुम्हाला जाणवली का?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

"माझी अनुपस्थिती. हा चहा कुणी ठेवला समोर?"

मालकांनी पेपर उलटला.

हळूहळू ते नटासारखे चालायला लागले. एक हात मागं बांधून, मान किंचित कलती. गिऱ्हाइकांशी बोलताना सिनेमातली वाक्यं यायला लागली. लोक नुसते बघायला येऊ लागले. काउंटरपाशी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. मागच्या खोलीचं दार मात्र मालक आताशा लावून घ्यायला लागले होते.

आणि मग एक बाई आली.

वहिनी आत एका रिक्षावाल्याची दाढी करत होत्या. दार जरासं उघडं राहिलं होतं. बाईचा आवाज भरून आलेला होता. "तुमचा सिनेमा बघितला. माझे मिस्टर गेले तेव्हापासून मी इतकी रडले नव्हते. इतकी वर्षं एकट्यानं कसं निभावलंत हो तुम्ही?"

 मालकांचा तो कापसासारखा आवाज आला. "निभावतो. दिवस काय, जातात."

वहिनींच्या हातातला वस्तरा हवेतच थांबला. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग बाई म्हणाली, "त्या फार चांगल्या असतील." आणि मालक म्हणाले, "होती. फार चांगली होती."

वहिनी दार ढकलून बाहेर आल्या. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, ॲप्रनवर साबणाचा फेस. बाई दचकून मागं सरली. "या कोण?"

मालकांनी बायकोकडे बघितलं, बाईकडे बघितलं. खरं सांगायला एक क्षण पुरला असता. त्यांनी तो जाऊ दिला.

"या... मागचं बघतात," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती वहिनींना पायरीपायरीनं वर चढताना जाणवली. पण त्या वळल्या. आत गेल्या. रिक्षावाल्याची अर्धी दाढी राहिली होती आणि त्याचा यात काही दोष नव्हता. "या बाजूनं मान वळवते हं भाऊ," त्या म्हणाल्या.  दाढी पुरी केली, तोंड पुसलं, शर्टाची बटणं लावली, केसांचा भांग पाडला. मग मोजे उतरवले, ॲप्रन सोडला, तो घडी घालून काखेत मारला आणि काउंटरपाशी आल्या. बाई गेली होती.

"अगं, त्यांचं मन मोडवेना," मालक लगेच म्हणाले. "त्या एवढ्या भरून आल्या होत्या. म्हटलं, कशाला उगीच..."

"माझं जिवंत असणं उगीच?"

"तसं नव्हे गं. सिनेमामुळं लोक येतायत, चार दिवसांची हवा आहे. तू पण ना, राईचा पर्वत..."

"अहो, तुम्ही आयुष्यात एका मेलेल्या माणसाला हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि पहिली मारलीत ती मला. मेलेल्या बायका कामाला येत नसतात. मागचं आता तुमचं तुम्ही बघा."

आणि त्या पायरी उतरून रस्ता ओलांडायला लागल्या.

रस्त्यापलीकडे दुसरं दुकान होतं, ह्याच धंद्याचं. ते एक दांडगी, मोठ्या आवाजाची बाई एकटीनं चालवायची. भाऊ धंदा सोडून गेला तेव्हा तिनं तो उचलला होता. गल्लीत तिला समोरच्या बाई म्हणत, आणि वहिनी तिचं नाव कुठल्याच प्रकारे घेत नसत. कारण खूप वर्षांपूर्वी एका घरातल्या दोन भावांनी आपल्या वडिलांसाठी दोन्ही दुकानांत वर्दी दिली होती. दोन्ही गाड्या एकदमच दारात उभ्या राहिल्या, आणि या दोघी भर रस्त्यात अशा भांडल्या की शोक करायला आलेले लोक शोक विसरून बघत राहिले. तेव्हापासून बोलणं बंद.

वहिनी त्या दुकानात शिरल्या तेव्हा समोरच्या बाई गाडीच्या टायरकडे बघून कुणालातरी फोनवर झापत होत्या. त्यांनी फोन बंद केला. "काय हवंय?"

"काम."

समोरच्या बाईंनी त्यांना वरून खालपर्यंत बघितलं. काखेतला ॲप्रन बघितला. "तुमच्या पोरानं मला मिशा लावल्या," त्या म्हणाल्या.

वहिनींना आधी समजलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. सिनेमातला तो समोरचा दुकानदार, काळ्याकुट्ट मिशांचा, सोन्याच्या दाताचा, दवाखान्याच्या दारात कार्डं वाटणारा. तो म्हणजे ही बाई.

"बाई माणूस हा धंदा करते म्हटल्यावर लोकांना पटणार नाही, असं वाटलं असेल त्याला," समोरच्या बाई म्हणाल्या. "रागानं दोन दिवस जेवले नाही मी. वर शेवटी त्या मिशावाल्याला रडायला लावलंय म्हणे. मी? मी रडेन?"

"तुम्हाला निदान जिवंत ठेवलं," वहिनी म्हणाल्या.

 समोरच्या बाईंनी पायानंच एक खुर्ची पुढं सरकवली. "बसा."

चहा झाला. दुसरा झाला. वहिनींनी सिनेमा, परीक्षण, ती बाई, "मागचं बघतात", सगळं ओकून टाकलं. समोरच्या बाई मधेमधे शिव्या घालत होत्या, काही मुलाला, काही मालकांना, काही नुसत्याच. शेवटी म्हणाल्या, "मी अर्ध्यातूनच उठून आले होते. चला, पुन्हा बघू. दोघी मिळून."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला त्या गेल्या. थिएटरात इकडे तिकडे विखुरलेली थोडी माणसं. पहिल्या भागात समोरच्या बाई खदाखदा हसल्या. चष्म्याच्या प्रसंगाला तर त्यांनी वहिनींच्या दंडावर गुद्दा मारला. "हा भाग झकास आहे गं!"

"तो माझा आहे," वहिनी म्हणाल्या.

"कळलं मला. म्हणून तर झकास आहे."

मग व्हायोलिनं आली. पडद्यावरचा मालक फोटोसमोर बसला, पाणावलेल्या डोळ्यांनी वर बघितलं आणि म्हणाला, "कुठं आहेस गं तू? एकदा तरी सांग, कुठं आहेस?"

"ही काय इथं बसलीय!" समोरच्या बाई ओरडल्या. "बायको जिवंत आहे मेल्या, जरा मागं वळून बघ!"

सगळी टाळकी वळली. थिएटर असं फुटलं की पडद्यावरचं रडणं कुणाला ऐकूच येईना. सिनेमाच्या दुसऱ्या भागात कुणी हसल्याची ती पहिलीच वेळ असावी. कुणीतरी मोबाइल काढून चित्रण केलं. वहिनींना लाज वाटायला हवी होती. त्या उठून उभ्या राहिल्या, पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो ॲप्रनसुद्धा माझाच आहे!" आणि खाली बसल्या. 

ते चित्रण त्या संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरलं. वहिनी आता समोरच्या बाईंच्या दुकानात मागचं काम बघत होत्या; दुसऱ्या दिवशी मुलगा तिथं येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"आई, तू माझा सिनेमा बुडवलास. लोक आता तेवढं बघायलाच जातायत. तो प्रसंग आला की सगळे ओरडतात."

"मी कशी बुडवेन? मी तर सुरुवातीलाच मेलेय."

"पुरे ना आता ते!" तो ओरडला. मग एकदम खुर्चीवर बसला. "तुला सांगू? पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सगळी तूच होतीस. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. बाबा कुठंतरी कोपऱ्यात. मी वाचून दाखवलं तर एकजणही हसला नाही. म्हणाले, बाई माणूस प्रेताला अंघोळ घालते, यात विनोद कुठाय? लोकांना गलबलून येईल, हसू येणार नाही. पुरुषाला दे. मी दिलं. लगेच हसले. तीच वाक्यं, आई. एक शब्द बदलला नव्हता."

"आणि तू ऐकलंस."

"पहिला सिनेमा होता माझा."

"तू हसायचास ना?" वहिनींचा आवाज चढला. "आठवतंय का काही? पोट धरून हसायचास तू ताटावर. कुणी पुरुष सांगत नव्हता तेव्हा, मी सांगत होते. मग ती माणसं 'हसू येणार नाही' म्हणाली तेव्हा तू का नाही म्हणालास, 'मला येतं'? तेवढंच म्हणायचं होतं रे. बुडाला असता सिनेमा तर बुडाला असता. आताही बुडालाच की."

मुलगा उठला आणि पायरी उतरून निघाला.  तो गेल्यावर समोरच्या बाईंनी न विचारता चहा ठेवला.

घर त्यांनी सोडलं नव्हतं. रोज झोपायला जायच्या, स्वयंपाक करायच्या, मालकांचं ताट वाढून स्वतः दुसऱ्या खोलीत जेवायच्या. मालकांनी मागच्या कामाला एक रोजाचा माणूस शोधला होता. तो दोनदा आला आणि नंतर फिरकला नाही. सुतार निरोप घेऊन आला, की मालक फार थकलेत. वहिनी म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, निभावा. दिवस काय, जातात." सुतार हसू दाबत परत गेला.

मग गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी गेला. साऱ्या गल्लीचे कपडे त्यानं शिवलेले. त्याची बायको आणि दोन मुली सकाळी मालकांच्या पायरीवर येऊन बसल्या. शिंपी आत टेबलावर होता. मालक मागच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. असं बऱ्याचदा झालं. वहिनी रस्त्यापलीकडून बघत होत्या. त्यांचे पाय वळवळत होते, पण त्या हलल्या नाहीत.

शेवटी मालक रस्ता ओलांडून आले. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या बाईंच्या दुकानाची पायरी चढले. "अगं, येतेस का?"

"कोण?"

"तू."

"मी कोण?"

मालकांनी घसा खाकरला. शिंप्याची बायको आणि मुली पलीकडून बघत होत्या, सुतारही दारात येऊन उभा होता. "माझी जीवनसंगिनी," मालक सुरू झाले, तोच कापसाचा आवाज, मान कलती, "जिच्याविना हा सारा संसार..."

"तसं नाही," वहिनी म्हणाल्या. "ते सिनेमातलं आहे. तुमचं तुम्ही सांगा. आणि मला नाही, तिकडे त्यांना सांगा."

मालक वळले. खांदे उतरले, मागं बांधलेला हात सुटला. रस्त्यापलीकडच्या त्या तिघींना ते ओरडूनच सांगायला लागले, कारण दुसरा मार्ग नव्हता. "ही माझी बायको. मी आत जात नाही. मला भीती वाटते, आधीपासून वाटते. आजवर आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाचं हिनंच केलंय. मी नुसता बोलतो."

एक सायकलवाला थांबून बघायला लागला. शिंप्याची बायको डोळे पुसत म्हणाली, "आम्हाला माहीत आहे हो, मालक. माझ्या सासूबाईंचे केस यांनीच विंचरले होते. यांना लवकर पाठवा."

वहिनींनी ॲप्रन उचलला. पण मालकांच्या दुकानाकडे त्या वळल्या नाहीत. "पेटी तुमची, गाडी तुमची," त्या म्हणाल्या. "शिंपीदादांना इकडे आणा. अंघोळ इथं होईल."

आणि ते तसंच ठरून गेलं. आजही दोन्ही दुकानांचं मागचं काम समोरच्या बाईंच्या खोलीत होतं, आणि दोघी मिळून करतात. दोघींचं रोज वाजतं. समोरच्या बाई टेबलावरच्या माणसाशी बोलत नाहीत, त्यांना तो वेडेपणा वाटतो. वहिनी कापूस फार वापरतात, हे त्यांना उधळेपणाचं वाटतं. त्या दुकानाच्या पाटीवर आता समोरच्या बाईंच्या नावाखाली वहिनींचंही नाव आहे, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. मालक पुढचं बघतात, रस्त्याच्या आपल्या बाजूला. आत कोण असतं असं कुणी विचारलं की ते बोटानं रस्त्यापलीकडे दाखवतात आणि "बायको" म्हणतात. जास्त काही बोलत नाहीत. आणि त्या "होती. फार चांगली होती"बद्दल वहिनींनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मुलगा काही महिने फिरकला नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी आला, जेवायच्या वेळेलाच. वहिनींनी ताट मांडलं. तो खाली मान घालून जेवत होता. दुसऱ्यांदा वाढायला त्या वाकल्या तेव्हा त्यानं विचारलं, "अजून रागावलीयस?"

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी वाढलं.